पद्मिनी पीयूसीत पुन्हा पुन्हा नापास होते तेव्हा: काय तपासायचे आणि कोणत्या क्रमाने

प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची प्रेसिडेंट आणि त्याआधीची फियाट ११०० डिलाइट यांच्या पेट्रोल इंजिनाची घडण एकच: १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर. त्यामुळे पीयूसीत अडकण्याची कारणेही तीच आणि दुरुस्त्याही त्याच. दर सहा महिन्यांनी नापास होणाऱ्या या गाड्यांमध्ये इंजिन खरोखर संपलेले क्वचितच निघते. बहुतेक वेळा पाच-सहा छोट्या गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात आणि त्या सगळ्या एका स्क्रूने झाकण्याचा प्रयत्न झालेला असतो.

लक्षणे

खालीलपैकी आपल्या गाडीला कोणते लागू पडते ते आधी ठरवा. पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत) आणि एचसी (न जळलेले पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन, पीपीएममध्ये) असे दोन आकडे असतात. चार वायू मोजणारे यंत्र असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही असतात. नापास झाल्याची पावती फेकू नका, पुढचा सगळा शोध तिच्यावरूनच घ्यायचा आहे.

सीओ ४ ते ७ टक्के, एचसी हद्दीत: मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. सायलेन्सरच्या टोकाला काजळीसारखी कोरडी काळी भुकटी असते, ॲव्हरेज घसरलेले असते, पण गाडी स्लोला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, शांत चालते.

सीओ २ च्या आत, एचसी १५०० च्या वर: पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. गाडी स्लोला अधूनमधून झटका देते. सायलेन्सरसमोर तळहात धरला तर दाब एकसारखा लागत नाही, मध्येच एक ठोका चुकतो.

सीओ अर्ध्या टक्क्याच्या खाली आणि एचसी भरमसाट: मिश्रण इतके पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाले आहे की ते पेटतच नाही. बहुतेक वेळा कुठून तरी हवा ओढली जात असते.

दोन्ही आकडे चढे: आधी ठिणगी तपासा, मग पेट्रोल. उलटे केले तर दोनदा काम करावे लागते.

दोन्ही आकडे संशयास्पद कमी आणि कार्बन डायऑक्साइड १२ ते १४ टक्क्यांऐवजी ६-७: ही पास गाडी नव्हे. सायलेन्सरला भोक आहे किंवा यंत्राची नळी नीट आत गेलेली नाही, म्हणून धुरात बाहेरची हवा मिसळते आहे.

सकाळी पास, दुपारी नापास: कंडेन्सर, कॉइल किंवा तापल्यावर ओघळणारा कार्बोरेटर.

हद्द किती, आणि यंत्र नेमके काय पाहते

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ प्रमाणे भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम इतकी मर्यादा आहे. भारत स्टेज-२ आणि ३ च्या गाड्यांना तीच ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम होते. कार्बोरेटरवाली पद्मिनी पहिल्या गटातली. जुन्या गाडीचे प्रमाणपत्र सहा महिने चालते. प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या सगळ्या शोधाचा पाया असा की आपल्या गाडीची चाचणी फक्त स्लोवर होते. कार्बोरेटरचा मेन जेट त्या वेळी जवळपास काहीच काम करत नाही. स्लोला पेट्रोल येते ते पायलट जेटमधून, थ्रॉटलच्या झडपेखालच्या बारीक भोकातून, आणि त्याचे प्रमाण ठरवतो मिश्रणाचा स्क्रू. म्हणून सीओ जास्त आला की मेन जेट बदलून देणारा मेकॅनिक पीयूसीसाठी काहीच करत नसतो, उलट हायवेवर गाडी उपाशी ठेवतो.

काम सुरू करण्यापूर्वी

बंद गॅरेजमध्ये किंवा खालच्या पार्किंगच्या कोपऱ्यात इंजिन चालू ठेवून सेटिंग करू नका. ५ टक्के सीओ सोडणारी गाडी बंद जागेत काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करते आणि त्या वायूला वास नसतो. गाडी उघड्यावर काढा, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. जवळ पावडरचा अग्निशामक ठेवा. पंख्याच्या पट्ट्यापासून ओढणी, पदर, सैल बाह्या दूर राहू द्या.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी केंद्रावरच्या संगणकाची. गाडीचा नंबर टाकल्यावर वाहन पोर्टलवरची नोंद उघडते. इंधन पेट्रोल आहे का आणि उत्पादनाचे वर्ष बरोबर आहे का ते पडद्यावर पाहा. वर्ष चुकीचे असेल तर मर्यादा ०.५ ची लागते आणि गाडी कितीही ठीक असली तरी नापास होते. जुन्या आरसी पुस्तकावरच राहिलेल्या गाड्यांची नोंद पोर्टलवर सापडतच नाही. त्यासाठी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि ते काम पीयूसी संपण्याच्या आदल्या दिवशी होत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या उष्णतेची. थंड इंजिनात पेट्रोल मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींवर चिकटून राहते आणि सीओ, एचसी दोन्ही चढतात. वीस मिनिटे गाडी चालवून केंद्रावर जा. पण पोहोचल्यावर रांगेत अर्धा तास स्लोला उभी ठेवू नका, प्लग काळे होतात आणि बोनेटखालच्या उष्णतेने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळू लागते. इंजिन बंद करा. आपली पाळी आल्यावर चालू करून अर्धा मिनिट साधारण २,५०० आरपीएमवर धरा, मग सोडा. स्लो स्थिर झाला की लगेच मोजणी.

याच संदर्भात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, पाहा. गाडी गरम होते म्हणून कधीतरी कोणीतरी तो काढून टाकलेला असणे ही पद्मिनींमध्ये फार सर्रास दिसणारी गोष्ट आहे. मग इंजिन ६० अंशांच्या आसपासच रेंगाळते आणि डिसेंबरात नाशिक किंवा पुण्याला सकाळी नेलेली गाडी कधी खरी तापतच नाही. वीस मिनिटे चालवूनही काटा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट बसवा. गाडी त्यानंतर गरम होऊ लागली तर दोष रेडिएटरमध्ये आहे, तो तिथेच दुरुस्त करा.

तिसरी: यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये ३० सेंटिमीटर तरी आत गेली पाहिजे. टोकाला शोभेची नळी बसवली असेल तर ती आधी काढा. सायलेन्सरचे सांधे तपासायला इंजिन स्लोला ठेवून जाड ओल्या फडक्याने टोक दोन-तीन सेकंद दाबून धरा. फुसफुस कुठून ऐकू येते तिथे गळती आहे.

चौथी एअर फिल्टरची. फिल्टर काढून गाडी स्लोला ठेवली आणि सीओ अर्ध्या टक्क्याहून जास्त उतरला तर फिल्टर बदला. झटकून, हवा मारून वापरलेला कागदी फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, पण त्याच्या घड्यांत तेल मुरलेले असते.

तेल तिथे येते कुठून, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनातल्या ऑइलची वाफ बाहेर नेणारी नळी) एअर क्लीनरला जोडलेला असेल तर तो थोडा वेळ काढून पुन्हा सीओ मोजा. आकडा एकदम खाली आला तर पेट्रोल कार्बोरेटरमधून जास्त येत नाही, ते ऑइलमधून वाफ होऊन येते आहे. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर इंजिनाच्या बाजूला बसलेल्या मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते आहे. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातात. पंपाचे किट बदला, ऑइल बदला, आणि मगच पुढे जा. पाइप तपासल्यानंतर तो पुन्हा जोडा. ब्रीदर मोकळा सोडून पास करणे म्हणजे तीच वाफ रस्त्यावर सोडणे.

ठिणगी: थोड्या पैशांचे काम, आणि नेहमी कार्बोरेटरच्या आधी

चारपैकी एका सिलिंडरमध्ये अधूनमधून ठिणगी चुकली तरी एचसी हजारांत जातो. तो उतरवायला कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही.

प्लग चारही काढा आणि क्रमाने मांडा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल येते. चारांत एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा, चारही सारखेच काळे असतील तर दोष कार्बोरेटरचा. एवढ्या एका नजरेत निम्मा शोध संपतो. गॅप ०.६ मिलिमीटर ठेवा.

डेल्कोचे, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, झाकण उघडा. आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ दिसली तर झाकण बदला, ती रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली आडवाट. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात हा दोष हमखास सापडतो. खाऱ्या दमट हवेत पितळी टोकांवर हिरवा थर चढतो. पॉइंटचा (डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान बसवा. पॉइंटवर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडला असेल तर पॉइंट घासत बसू नका. कंडेन्सर गेला आहे, दोन्ही एकदम बदला. नवीन म्हणून मिळणारा कंडेन्सरही खराब निघू शकतो, त्यामुळे जुना चालू असलेला सुटे म्हणून डिकीत ठेवावा.

आता डेल्कोचा शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. हलत असेल तर बुश झिजली आहे. गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि फीलर गेजने लावलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. ही बुश लेथवाल्याकडे बदलून मिळते.

वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्या आहेत का ते पाहा. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर गळकी वायर निळी चमकते. त्या वेळी कशालाही हात लावू नका. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, शेवटी, टायमिंग लाइट लावून, मॅन्युअलमधल्या खुणेवर. टायमिंग जास्त ॲडव्हान्स (लवकर) केले की स्लोला एचसी वाढतो. पिकअपसाठी कानाने पुढे ढकललेले टायमिंग हे नापास होण्याचे एक खरे कारण आहे. उलट फार मागे घेतले तर एचसी उतरतो, पण गाडी तापते आणि चढाला दमते.

हवा ओढते का

सीओ कमी आणि एचसी जास्त असेल तर हा भाग आधी करा. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या. इंजिन स्लोला ठेवून कार्बोरेटरच्या पायथ्याशी, मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि थ्रॉटलच्या दांडीच्या दोन्ही टोकांवर थोडे थोडे पाणी मारा. डेल्को आणि वायरींवर पाणी उडू देऊ नका. जिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तिथून हवा आत जाते. काही जण यासाठी पेट्रोल किंवा थिनर मारतात. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी हे करणे म्हणजे गाडी पेटवणे.

सोलेक्सचा, म्हणजे या गाड्यांच्या मूळ कार्बोरेटरचा, पायथा वाकतो, कारण गॅस्केट गळते म्हणून दोन नट वर्षानुवर्षे जास्तच आवळले जातात. कार्बोरेटर काढून पायथ्यावर सरळ पट्टी धरा. मध्ये उजेड दिसला तर पायथा सपाट करून घ्यावा लागतो. दोन गॅस्केट एकावर एक लावून तो टिकत नाही. थ्रॉटलच्या दांडीत आडवा खेळ असेल तर भोक मोठे झाले आहे. तिथून आत जाणारी हवा प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणून स्लो कधी ७०० तर कधी १,१००. यावर लेथवर बुश बसवणे हाच उपाय.

स्क्रूची कसोटी

ठिणगी ठीक, हवा ओढत नाही, इंजिन तापलेले. आता मिश्रणाचा स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरच्या अगदी पायथ्याशी असलेला स्प्रिंगवाला स्क्रू. गॅरेजात त्याला एअर स्क्रू म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. अनेक दुचाकींच्या एअर स्क्रूने हवा कमी-जास्त होते, तो आत घातला की मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. सोलेक्सच्या या स्क्रूने तयार मिश्रण कमी-जास्त होते. तो आत घातला की पातळ, बाहेर काढला की घट्ट. दुचाकीवर हात बसलेला मेकॅनिक सीओ कमी करायला तो बाहेर काढतो आणि आकडा चढत जातो.

स्क्रू घड्याळाच्या दिशेने हळूहळू आत घाला, फेरे मोजत. पूर्ण टेकण्याच्या आधीच इंजिन अडखळून बंद पडले पाहिजे. बंद पडले तर स्लोचा मार्ग तुमच्या ताब्यात आहे, फक्त सेटिंग बाकी आहे. स्क्रू टेकल्यावरही इंजिन निवांत चालत राहिले तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येते आहे आणि ती वाट बंद होईपर्यंत हा स्क्रू फिरवणे व्यर्थ. टेकल्यावर जोर लावू नका. टोकाला खाच पडली की तो स्क्रू आणि त्याची बैठक दोन्ही जातात.

ती दुसरी वाट चारपैकी एक असते.

चोक. मूळ सोलेक्समध्ये चोकची झडप नसते, बाजूला गोल चकतीचा स्टार्टर असतो आणि तो स्वतःच्या वेगळ्या मार्गाने पेट्रोल देतो. डॅशबोर्डवरची कळ पूर्ण आत गेली तरी केबल ताणलेली असेल तर चकती दोन मिलिमीटर उघडी राहते. बाहेरून काहीच कळत नाही आणि सीओ ५ टक्के येतो. केबल कार्बोरेटरच्या टोकाला सोडवा, दांडा हाताने शेवटपर्यंत दाबा. स्लोचा आवाज बदलला तर दोष सापडला. केबलमध्ये थोडी ढील ठेवून पुन्हा बांधा. चकतीवरच चरे पडले असतील तर ती बदला.

थ्रॉटलचा थांबा. गाडी स्लोला बंद पडते म्हणून थांब्याचा स्क्रू आवळत नेला की झडप इतकी उघडते की वरची बारीक भोके मोकळी होतात आणि इंजिन त्यांच्यातून पेट्रोल घेऊ लागते. ही भोके पेडल दाबताना लागतात, स्लोसाठी नाहीत. थांबा बाहेर घ्या. गाडी बंद पडू लागली तर खरे कारण पायलट जेटमध्ये अडकलेला कचरा, टॅपेटचा (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागाचा) गॅप किंवा ओढली जाणारी हवा यांपैकी काहीतरी आहे. थांब्याने ते फक्त लपवले होते.

फ्लोटची पातळी. एअर क्लीनर काढून, इंजिन स्लोला ठेवून, टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात पाहा. तोंड बाजूला ठेवा, उलटी ज्वाळा येऊ शकते. स्लोला मधल्या नळीतून एकही थेंब पडता कामा नये. पडत असेल तर सुई-झडप झिजली आहे, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे किंवा पातळी चढी आहे. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत काही खळखळले तर तो बदला. शंका असेल तर पुसून, कोरडा करून, विस्तवापासून दूर गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर भोक आहे. सोलेक्सची पातळी सुई-झडपेखालच्या वॉशरने ठरते. वॉशर जाड तर झडप खाली येते आणि पातळी उतरते. किट बदलताना जुना वॉशर हरवून हाताला लागेल तो पातळ वॉशर टाकला की नव्या सुईनंतरही गाडी ओघळते.

पंपाचा दाब. मेकॅनिकल पंप काढून इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर कोणतीही सुई-झडप तो दाब थोपवू शकत नाही. या कार्बोरेटरला २ ते ४ पीएसआय पुरतात.

जेट साफ करताना तार घालू नका. पितळ मऊ असते, दोनदा तार गेली की भोक मोठे होते आणि कायमचे मिश्रण बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि कंप्रेसरची हवा एवढेच. नवीन जेट घेताना पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना जेट सोबत न्या आणि त्याच्यावर कोरलेला आकडा जुळवा. आकडा नसलेला जेट घेऊ नका.

सेटिंग

मिश्रणाचा स्क्रू टेकवून दीड फेरा बाहेर काढा. थांब्याने स्लो ८०० वर आणा. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, दर वेळी दहा सेकंद थांबत, सर्वांत जास्त आरपीएम जिथे मिळतो ती जागा शोधा. थांब्याने पुन्हा ८०० वर उतरवा. हे दोन-तीनदा केले की त्या जागेत बदल होत नाही. मग आरपीएम वीस-तीसने उतरेल एवढाच स्क्रू आत घ्या. निरोगी इंजिनात इथे सीओ १.५ ते २.५ च्या मध्ये आणि एचसी ५०० च्या आत येतो.

सीओ आणखी खाली, ०.३ वगैरे, आणण्याचा मोह टाळा. आपली मर्यादा ३ ची आहे. त्या टोकाला मिश्रण पेटायचे चुकू लागते, एचसी उसळतो, आणि केंद्रावर पंखा किंवा हवामान जरासे बदलले की गाडी नापास होते.

पूर्वीचे सेटिंग आता का चालत नाही याचे एक उत्तर पंपावर आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते. सीओ आपोआप उतरतो आणि एचसी चढू शकतो. पाव ते अर्धा फेरा स्क्रू जास्त उघडावा लागतो. इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीतला जुना गंज सोडवते आणि ओल धरते. जुने पाइप बदलून इथेनॉल चालणारेच घाला आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा. फिल्टरच्या तळाला तपकिरी गाळ किंवा पाण्याचा थेंब दिसला तर आधी टाकी साफ करून घ्या. नाहीतर पायलट जेट आठवड्यात पुन्हा बुजतो.

मुंबईत लावलेली गाडी महाबळेश्वरात, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर, थोडी घट्ट चालणारच. तिथल्या अनुभवावरून स्क्रू बदलू नका.

सीएनजी किट बसवलेल्या पद्मिनीत कार्बोरेटरच्या घशावर मिक्सर असतो. तो हवा अडवतो, त्यामुळे पेट्रोलवर सीओ चढतो. अशी गाडी मिक्सर जागेवर असतानाच पेट्रोलवर सेट करायची.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टॅपेटचा गॅप स्वतः तपासता येतो, मॅन्युअलमधल्या आकड्याने, इंजिन थंड असताना. गॅप फार कमी असेल तर झडप पूर्ण बसत नाही आणि एचसी वाढतो. आवाज येऊ नये म्हणून आवळलेले टॅपेट हे गुपचूप नुकसान आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा, चारही प्लग काढून, पेडल पूर्ण दाबून. सिलिंडरांत १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर झडपा किंवा हेड गॅस्केट. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद झाले, आणि जुन्या एक्झॉस्ट सीट (झडपेच्या बैठका) असलेल्या हेडमध्ये त्या शिशाविना हळूहळू झिजून खोल जातात. टॅपेटचा गॅप पुन्हा पुन्हा आपोआप कमी होत असेल तर तेच चालले आहे.

यापुढे घरी काम करू नका. हेड उतरवणे, सीट बसवणे, रिंगा, डेल्कोची आणि थ्रॉटलच्या दांडीची बुश ही मशीन शॉपची कामे आहेत. निळा धूर सतत येत असेल, रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग असेल किंवा तापलेल्या इंजिनातूनही पांढरी वाफ येत राहिली तर स्क्रू, प्लग, क्लीनर यांवर आणखी पैसे घालवू नका. पेट्रोलची गळती कुठेही दिसली, अगदी थेंबभर, तर गाडी चालू करू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

मेकॅनिकला "पीयूसी पास करून दे" एवढेच सांगितले तर तो त्या दिवसापुरता स्क्रू आत घालून देईल. त्याला आकडे द्या: सीओ किती, एचसी किती, स्क्रू टेकवल्यावर इंजिन बंद पडते की नाही, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचे किती. गाडी न आणता प्रमाणपत्र देणारे भेटले तर घेऊ नका. तो कागद गाडीतला दोष आणखी सहा महिने लपवतो आणि तोवर पेट्रोलने धुतलेले सिलिंडर झिजत राहतात.

सेटिंग झाल्यावर स्क्रू टेकल्यापासून किती फेरे उघडा आहे ते, तारीख आणि दोन्ही आकड्यांसह, ग्लव्ह बॉक्समधल्या वहीत लिहा. पुढच्या वेळी तोच फेरा असून सीओ चढला असेल तर स्क्रूला हात न लावता थेट चोकच्या चकतीपासून सुरुवात करता येते.